इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज देणारे होळकर: दुसऱ्या तुकोजीरावांचा जमाखर्च

संस्थानिकांना इंग्रजांनी कर्जं दिली, त्यांच्या वसुलीसाठी मुलूख गहाण ठेवून घेतले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. उलटा व्यवहार मात्र क्वचितच झाला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये तो केला. खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. मुदत १०१ वर्षं, व्याज दरसाल साडेचार टक्के. त्याशिवाय, व्याज भागून जो नफा उरेल त्यातला निम्मा वाटा होळकरांचा.

हे कर्ज म्हणजे राजाची हौस नव्हती. तो सावकारी व्यवहार होता आणि त्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा एक धोरणी हिशेब होता. तुकोजीरावांनी आपलं राज्य जवळजवळ पेढीसारखं चालवलं. जमीन, अफू, कापूस, गिरणी, रेल्वे या सगळ्यांकडे त्यांनी येणं-देणं म्हणून पाहिलं. त्याचा फायदा इंदूरला झाला. त्याचा भार मात्र माळव्या-निमाडातल्या कास्तकाराच्या पाठीवर पडला. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय हा माणूस नीट समजत नाही.

नवव्या वर्षी गादी

होळकरांचं घराणं मूळचं धनगराचं. नीरेकाठचं होळ हे त्यांचं गाव. थोरले मल्हारराव लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढले, तिथेच मेंढरं राखली, आणि पुढे पेशव्यांच्या फौजेतून माळव्यात जाऊन राज्य उभं केलं. अहिल्यादेवींनी महेश्वराहून ते सांभाळलं. पण १८१८ च्या मंदसोरच्या तहानं चित्र पालटलं. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे खानदेशही, हातचा गेला. फौजेवर मर्यादा आली, महूला इंग्रजांची छावणी बसली आणि इंदूरला रेसिडेंट येऊन राहिला. तलवारीवर वाढलेल्या घराण्याला यापुढे तलवार चालवायला जागाच उरली नाही.

दुसरे तुकोजीराव १८३५ साली जन्मले. ते थेट गादीचे वारस नव्हते. भाऊ होळकरांच्या घरचा हा मुलगा. फेब्रुवारी १८४४ मध्ये अल्पवयीन महाराज खंडेराव वारले आणि राजमाता कृष्णाबाई, म्हणजे माजीसाहेबांनी, या मुलाला पुढे केलं. रेसिडेंट सर रॉबर्ट हॅमिल्टन यांनी त्याला पसंती दिली आणि २७ जून १८४४ ला नऊ वर्षांच्या तुकोजीरावांना गादीवर बसवण्यात आलं. पण ही गादी दत्तकाच्या हक्कानं नव्हे, तर सरकारच्या मेहेरबानीनं मिळाली आहे, असं कलकत्त्याच्या इंग्रज सरकारनं लगेच लेखी बजावून ठेवलं. दत्तक घेण्याचा हक्क होळकरांना सनदेनं मिळाला तो पुढे १८६२ मध्ये.

मेहेरबानी कधीही काढून घेता येते, ही जाणीव घेऊनच हा मुलगा मोठा झाला. माजीसाहेब १८४९ मध्ये वारल्या. मुन्शी उमेदसिंग यांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. मार्च १८५२ मध्ये, सतराव्या वर्षी, राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला.

१८५७ चा डाग

कारभार हाती येऊन पाच वर्षं झाली आणि उठाव पेटला. १ जुलै १८५७ ला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढाकार होळकरांच्याच चाकरीतल्या सआदत खानाचा होता. त्या वेळी कर्नल ड्युरँड हे काम पाहत होते. ते बायकामुलांसह सीहोरकडे निघून गेले. बावीस वर्षांचे महाराज कात्रीत सापडले. फौज उठावाच्या बाजूनं झुकलेली, महूला इंग्रजांच्या तोफा. राजवाड्यात आसरा घेतलेल्या ख्रिस्ती लोकांना उठाववाल्यांच्या हवाली करायला त्यांनी नकार दिला आणि उरलेला खजिना महूच्या छावणीत पोहोचवला.

तरीही ड्युरँड यांनी त्यांच्यावर संशय धरला, तो शेवटपर्यंत. आपल्याला पळ काढावा लागला याचा दोष कुणावर तरी टाकायचा होता, असं होळकरांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं होतं. १८६१ मध्ये महाराजांना स्टार ऑफ इंडियाचा किताब मिळाला. पण शिंदे, निजाम, भोपाळच्या बेगम यांना निष्ठेबद्दल मुलूख मिळाला तसा होळकरांना मिळाला नाही. त्यांनी वारंवार मागणी केली, वारंवार नकार आला.

इथून त्यांच्या कारभाराला वेगळं वळण लागलेलं दिसतं. फौज वाढवायला परवानगी नाही, बक्षिसाचा मुलूख नाही, वर इंग्रजांच्या दफ्तरात नावापुढे प्रश्नचिन्ह. हातात राहिलं ते एकच, महसूल. मग त्यांनी सगळी बुद्धी तिकडे लावली.

विखुरलेली गावं आणि सलग मुलूख

होळकरांची जमीन फाटक्या गोधडीसारखी पसरलेली होती. मोठा भाग माळव्यात आणि निमाडात, तर काही गावं दक्षिणेत आणि काही उत्तर हिंदुस्थानात. दूरच्या गावाचा वसूल यायला वेळ लागे, मधल्या मधे गळती होई आणि भोवती इंग्रजी अंमल असल्यानं दर गोष्टीला अर्जविनंत्या कराव्या लागत.

तुकोजीरावांनी अदलाबदलीचं धोरण धरलं. लांबची गावं इंग्रजांना द्यायची आणि त्या बदल्यात आपल्या मुलखाला लागून असलेला प्रदेश घ्यायचा. १८६० च्या दशकात हे व्यवहार झाले. सातवास-नेमावर हा नर्मदेच्या उत्तरेचा टापू आला. १८६७ मध्ये बडवाह, धरगाव, कसरावद आणि मंडलेश्वर हे निमाडातले परगणे आले. मंडलेश्वर तर पूर्वी इंग्रजांचं निमाडातलं कारभाराचं ठिकाण होतं.

भावनेनं पाहिलं तर दक्षिणेतली गावं म्हणजे पूर्वजांच्या खुणा. ती देणं सोपं नव्हतं. पण हिशेबात व्यवहार पक्का होता. नर्मदेच्या दोन्ही काठांचा कापसाचा आणि ज्वारीचा पट्टा एका हाताखाली आला. आणि तीनच वर्षांनी ज्या रेल्वेची बोलणी झाली तिचा मार्ग बडवाहच्या बाजूनंच नर्मदा ओलांडून गेला.

काळी माती, अफू आणि इजारा

माळव्याची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. वर गहू, हरभरा, ज्वारी, कापूस. आणि विहिरीच्या पाण्यावर खसखस. खसखशीची बोंडं माघ-फाल्गुनात चिरायची, रात्रभरात पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, तेलात ठेवायचा, मग व्यापाऱ्याकडे द्यायचा. तिथे त्याचे गोळे होत, पेट्या भरल्या जात आणि इंदूरच्या सरकारी काट्यावर वजन होऊन मुंबईला, तिथून चीनला. एका पेटीत साधारण १४० पौंड माल. १८६० नंतर इंग्रज सरकार दर पेटीवर सहाशे-सातशे रुपये जकात घेत असे. जकात इंग्रजांच्या तिजोरीत जाई, पण खसखशीच्या बागायती जमिनीचा सारा संस्थानाचा, आणि तो कोरडवाहूपेक्षा कितीतरी पट जास्त. या व्यापारावरच इंदूरची सराफी उभी राहिली. हुंड्या, आढत आणि अफूचा सट्टा यांनी बाजार गजबजला.

हा सगळा व्यापार बैलांच्या जोरावर चाले. रेल्वे येण्यापूर्वी इंदूरहून मुंबईला जायचं म्हणजे आग्रा रोडनं महू, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव असा गाडीवाटेचा प्रवास. काळ्या मातीत नांगर ओढणारा आणि घाटात गाडी खेचणारा करडा माळवी बैल, खाली निमाडात तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला निमाडी. शेतकऱ्याची पत बैलजोडीवरून ठरायची. सारा थकला की सावकाराची नजर आधी दावणीकडे जायची.

सारा वसूल करण्याची जुनी रीत इजाऱ्याची. गाव ठरावीक रकमेला ठरावीक वर्षांसाठी इजारदाराला लावून द्यायचा. त्यानं सरकारात रक्कम भरायची आणि वरचं स्वतः ठेवायचं. बोली जितकी चढी तितका राजा खूश. १८६५ मध्ये तुकोजीरावांनी जमिनीची मोजणी करून घेतली आणि नवे दर बसवले. मोजणीमुळे पडीक कोणती, वहितीची कोणती, बागायत किती हे कागदावर आलं. हे चांगलंच झालं. पण वेळ नेमकी वाईट होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इथला कापूस सोन्याच्या भावानं विकला जात होता. १८६५ मध्ये ती लढाई थांबली, भाव धाडकन खाली आले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. होळकरांच्या दफ्तरात मात्र सारा चढाच राहिला.

रयतेला जमिनीवर पक्का हक्क नव्हता. बोली वाढली की इजारदार कुळाकडून जास्त मागायचा. न देणाऱ्याला उठवायला फार खटपट करावी लागत नव्हती. महाराज स्वतः हिशेब तपासत, कमाविसदारांना धाक होता, पण तो धाक वसूल कमी आला तर होता. वसूल जास्त आला तर कुणी विचारत नव्हतं.

हत्तींनी ओढलेली यंत्रं

कापसाच्या तेजीतून तुकोजीरावांनी दुसरा धडा घेतला. कापूस विलायतेला जातो आणि तिथलं कापड परत येऊन इथेच विकलं जातं. मधला नफा दुसऱ्याच्या घरी. मुंबईत पहिल्या गिरण्या उभ्या राहून फार वर्षं झाली नव्हती. महाराजांनी १८६६ मध्ये इंदूरला संस्थानची कापडगिरणी काढायचं ठरवलं. यंत्रं इंग्लंडहून मागवली. इंदूरला रेल्वे नव्हती. अवजड लोखंड निमाडातून घाट चढवून आणायचं होतं. बैलगाड्यांना जे झेपलं नाही ते हत्तींनी ओढून आणलं, असं इंदूरमध्ये आजही सांगतात.

१८७० च्या सुमाराला गिरणी चालू झाली. एखाद्या संस्थानानं स्वतः मालक होऊन चालवलेल्या देशातल्या सुरुवातीच्या गिरण्यांपैकी ही एक. कापूस जवळचा, मजुरी स्वस्त, गिऱ्हाईक दारात. कापड जाडंभरडं, खेड्यातल्या माणसाला परवडेल असं. पुढे विसाव्या शतकात इंदुरात माळवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्यांची रांग लागली आणि शहराला कापडाचं शहर म्हणून नाव मिळालं, त्याचा पाया या सरकारी गिरणीनं घातला. खानदेशातून, वऱ्हाडातून, निमाडातून माणसं कामाला आली.

एक कोटीचा सौदा

मुंबईहून जबलपूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-खंडव्यावरून गेली आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं. ही मुख्य लाइन इंदूरपासून दूर, सातपुडा आणि विंध्याच्या मधून निघून गेली. ज्या शहराला रेल्वे नाही त्याचा बाजार बसतो, हे तुकोजीरावांनी ओळखलं.

तिकडे इंग्रज सरकारही अडचणीत होतं. खासगी कंपन्यांना नफ्याची हमी देऊन रेल्वे बांधण्याचं धोरण महागात पडलं होतं. लॉर्ड मेयो यांनी सरकारनंच स्वस्तात, मीटर गेजवर रेल्वे बांधायचं ठरवलं, पण त्यासाठी पैसा हवा होता. नेमक्या वेळी होळकर एक कोटी घेऊन पुढे आले.

साडेचार टक्क्यांनी वर्षाला साडेचार लाख व्याज. १०१ वर्षांचं नुसतं व्याजच साडेचार कोटींच्या वर जातं. नफ्यातला वाटा निराळा. मुदत धरली तर कर्ज १९७१ पर्यंतचं. ज्या सरकारनं आपल्याला मेहेरबानीचा राजा म्हटलं ते सरकार पुढची चार-पाच पिढ्या आपलं देणेकरी राहील, अशी ही बांधणी होती. शिंद्यांनीही पुढे रेल्वेसाठी तसंच कर्ज दिलं.

काम अवघड होतं. खंडवा ते इंदूर सुमारे १३८ किलोमीटर. खंडवा ते सनावद हा सपाटीचा टप्पा १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाला. मग नर्मदा. मोरटक्का-खेडीघाटाजवळ १४ गाळ्यांचा पूल बांधला, एकेक गाळा १९७ फुटांचा. ५ ऑक्टोबर १८७६ ला तुकोजीरावांच्या हस्ते तो खुला झाला आणि त्याला होळकर-नर्मदा पूल असं नाव पडलं. पुढे चोरल नदीच्या खोऱ्यातून, बोगदे आणि उंच खांबांचे पूल करत, पातालपाणीच्या घाटानं गाडी विंध्य चढली. काही ठिकाणी चढ ४० फुटांला एक फूट. १८७८ पर्यंत सगळा मार्ग पुरा झाला. १८८२ मध्ये हा मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत गेला आणि खंडव्याहून सुटलेला डबा रतलाम, अजमेरकडे धावू लागला.

सौद्याला दुसरी बाजूही होती. रुळांखालची जमीन द्यावी लागली आणि तिच्यावरचा न्याय-पोलिसांचा अंमलही इंग्रजांकडे गेला. आपल्याच राज्यातून जाणाऱ्या, आपल्याच पैशांच्या पट्टीवर महाराजांचा हुकूम चालत नव्हता. शिवाय महूच्या छावणीला रेल्वे मिळाली, म्हणजे फौज आणि दारूगोळा हलवणं इंग्रजांना सोपं झालं. व्याज होळकरांना मिळालं, पकड इंग्रजांची घट्ट झाली.

कुंभकोणमचे दिवाण

राज्य मोठं झालं, व्यवहार वाढले. एका माणसानं सगळ्या वह्या तपासणं जमेना. १८७३ मध्ये तुकोजीरावांनी त्रावणकोरचं दिवाणपद गाजवलेले सर टी. माधवराव यांना इंदूरला आणलं. कुंभकोणमचे माधवराव तंजावरच्या मराठी ब्राह्मण घराण्यातले. कावेरीकाठचा मराठी माणूस नर्मदेकाठच्या मराठी राज्याचा कारभार बघायला आला. १८७५ मध्ये बडोद्याला मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर माधवराव तिकडे गेले, पण त्यांच्या जागी त्यांचेच भाऊबंद आर. रघुनाथराव आले. या दोघांच्या काळात न्यायालयं, कायदे, खात्यांची वाटणी यांना शिस्त लागली. १८७३ मध्येच संस्थानचं टपालखातं सुरू झालं.

स्वतः महाराजांना मात्र लगाम सोडवत नव्हता. दिवाण कितीही नावाजलेला असो, पैशाची शेवटची सही त्यांचीच. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना सम्राज्ञीचे सल्लागार असा मान मिळाला.

वहीची दुसरी बाजू

तुकोजीराव १७ जून १८८६ ला, एक्कावन्नाव्या वर्षी वारले. त्याच वर्षी इंदूर संस्थानचं पहिलं टपाल तिकीट निघालं, अर्ध्या आण्याचं, त्यांचीच छबी असलेलं. मागे त्यांनी भरलेली तिजोरी, सलग मुलूख, चालती गिरणी आणि रेल्वे ठेवली. गादीवर मुलगा शिवाजीराव आले.

जमेच्या बाजूला एवढं सगळं आहे. नावे कुणाच्या पडलं हेही पाहायला हवं. एक कोटी रुपये आकाशातून पडले नव्हते. ते खसखशीच्या बोंडातून, कापसाच्या वेचणीतून आणि इजारदाराच्या बोलीतून आले होते. ज्या कुळानं चढा सारा भरला त्याला रेल्वेच्या व्याजातली पै मिळाली नाही. बागायतीसाठी विहीर खणायला त्यानं काढलेलं कर्ज बारा-पंधरा महिन्यांत फेडायचं असे. राजानं दिलेल्या कर्जाला शंभर वर्षांची मुदत होती. गाडीवान आणि बंजारे यांचा धंदा रुळांनी खाल्ला. आग्रा रोडवरच्या कितीतरी मुक्कामांच्या गावांची रया गेली.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या काळात बहुतेक संस्थानांचा पैसा शिकारी, लग्नं आणि विलायती झुंबरं यांत जात होता. तुकोजीरावांनी तो अशा ठिकाणी गुंतवला जिथे त्यांच्यानंतरही काही उभं राहिलं. इंदूर आज मध्य प्रदेशातलं सर्वांत मोठं व्यापारी शहर आहे, त्यात त्यांच्या वह्यांचा वाटा आहे.

रेल्वेचा प्रश्न अजून तोच

होळकरांची ती मीटर गेज लाइन दीडशे वर्षं चालली. आता महू-खंडवा मार्गाचं ब्रॉडगेजचं काम सुरू आहे आणि जुन्या घाटातला पातालपाणी-कालाकुंड हा तुकडा पर्यटकांच्या वारसा गाडीसाठी ओळखला जातो. दुसरीकडे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर नव्या मार्गाला मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा या पट्ट्यातली माणसं या रेल्वेची वाट किती वर्षांपासून पाहत आहेत, हे सीमेवरच्या वाचकाला सांगायला नको. बैलगाड्यांनी अफू आणि कापूस ज्या वाटेनं मुंबईला जायचा, जवळजवळ तीच ही वाट.

तुकोजीरावांच्या काळात रेल्वे कुठून न्यायची हे पैसे देणाऱ्यानं ठरवलं, म्हणून ती खंडव्याकडून आली आणि धुळे-सेंधव्याची बाजू मागे राहिली. आता पैसे जनतेचे आहेत. जमिनीही शेतकऱ्यांच्याच जाणार आहेत. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या कास्तकाराला मोबदला वेळेवर आणि पुरा मिळतो का, यावर या नव्या मार्गाचा जमाखर्च ठरेल.